सातबाऱ्याच्या मागची पानं

नवा पक्षकार खुर्चीवर नीट टेकण्याआधी पिशवीतून सातबारा काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, नाव आमचंच हाय." सातबारा बहुधा कालपरवाच काढलेला असतो, डिजिटल सहीचा, कोराकरकरीत. मी तो वाचते, बाजूला ठेवते आणि विचारते, "फेरफार आणलेत?" इथे बहुतेकांचा चेहरा पडतो. नाव आमचं आहे म्हटल्यावर आणखी काय हवं, असा साधा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यातच माझी वकिली गेली.

मी तालुक्याच्या गावी वकिली करते. सकाळी दिवाणी कोर्ट, दुपारी तहसील किंवा प्रांत कचेरी, मधल्या वेळात दुय्यम निबंधकांकडे दस्त. नव्वद टक्के काम जमिनीचं. सुरुवातीला जुने शेतकरी "ताई" म्हणायचे आणि माझ्या पाठीमागे कुणी पुरुष वकील बसलाय का ते बघायचे. पुढे ते थांबलं. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली होते तेव्हा त्यांनी पहिलं काम दिलं ते एका गटाचे सगळे फेरफार नंबर सातबाऱ्यावरून उतरवून घ्यायचं आणि एकेक मागे मागे जायचं. फेरफार म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद; तिच्या मजकुरात जुन्या नोंदीचा उल्लेख असतो, त्यावरून त्याच्या आधीचा नंबर मिळतो. असं करत करत मी मोडी लिपीतल्या पानापर्यंत पोचले. वाचता येईना, तेव्हा रेकॉर्ड रूममधल्या एका निवृत्त कारकुनाकडून वाचून घेतलं. त्या पानावर आमच्या पक्षकाराच्या पणजोबांचं नाव होतं, पण पुढे "गहाण" असा शब्द होता. दावा मालकीचा होता आणि मूळ कागद गहाणाचा. ज्येष्ठ वकील काही बोलले नाहीत. दाव्याचा मसुदा मात्र त्यांनी त्याच दिवशी बदलायला घेतला.

लोकांना सांगताना मी इतिहासापासून सुरुवात करते, आणि ते कंटाळतात तरी सांगतेच. आपल्याकडची शास्त्रशुद्ध जमीन मोजणी इंग्रजांनी १८३५च्या सुमारास इंदापुरात सुरू केली, ती शेतसारा ठरवण्यासाठी. कोण शेत कसतो आणि सारा कुणाकडून वसूल करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. हक्कनोंदणीचा कायदा त्याहून पुष्कळ उशिरा, १९०३ साली आला, आणि त्याचाही मूळ हेतू तोच राहिला. आजचा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६चा. त्यातलं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. उलट सिद्ध होईपर्यंत! या तीन शब्दांवर आमची पोटं चालतात. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारसा यांवर आणि शेवटी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर. सातबारा त्या सगळ्याचा सारांश असतो. सारांश लिहिणारा तलाठी माणूसच. त्याच्यापुढे आलेला कागद जसा तशी नोंद. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून भाऊसाहेबच.

बांधाची भांडणं सगळ्यात जास्त येतात आणि त्यांच्यात पैसा सगळ्यात कमी असतो. नांगराचा एक तास दरवर्षी पलीकडे गेला की वीस वर्षांत बांधाची वरंबी होते. बांधावर आंबा किंवा बाभूळ असली तर भांडणाला सावलीही मिळते. अशा पक्षकाराला मी आधी मोजणी मागायला सांगते, हद्द कायम मोजणी. पूर्वी प्लेन टेबल आणि साखळी घेऊन मोजणीदार यायचे. तेहेतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आता उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर घेऊन येतात, काम अर्ध्या दिवसात उरकतं. पण मोजणीदाराच्या आजूबाजूला जमलेली माणसं तीच असतात. लगतधारकाला नोटीस गेलेली असते, तो बांधावर उभा असतो पण सही करणार नाही असं आधीच ठरवून आलेला.

एकदा एक निवृत्त मास्तर आले. शेजाऱ्याने दक्षिणेकडून बांध कोरला, अशी तक्रार. बोलणं नेमकं, कागद फाईलमध्ये क्रमाने लावलेले. मोजणीच्या दिवशी मीही गेले. सर्व्हेअरने चुन्याने खुणा टाकत नेल्या. दक्षिणेची खूण बांधाच्या मधोमध पडली, म्हणजे तिथे काही गेलेलं नव्हतं. उत्तरेला मात्र खूण मास्तरांच्या उसात आत शिरली, चांगली सात-आठ सऱ्या आत. उत्तरेचा शेजारी मुंबईला गिरणीत होता, पुढे वारला. त्याची मुलं गावाकडे फिरकली नव्हती. मास्तरांनी चुन्याच्या रेषेकडे पाहिलं, सर्व्हेअरकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ही मोजणी आम्हाला मान्य नाही." मग निमताना मोजणी झाली, म्हणजे पहिल्या मोजणीवरची अपिलाची मोजणी. तीही तशीच आली. सुपर निमतान्याचा अर्ज करू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वकीलपत्र परत केलं. पण अर्जदाराचंच अतिक्रमण निघणं ही आमच्याकडे अपवादाची गोष्ट नाही. मोजणी मागताना माणूस आपल्या सगळ्या बाजू मोजल्या जाणार हे विसरतो.

बांधाहून अवघड काम एकत्रीकरणाचं. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. एका शेतकऱ्याचे गावभर विखुरलेले तुकडे एकत्र करायचे, त्याला एक गट द्यायचा, हा हेतू चांगलाच होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत पुढच्या दशकांत योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर अदलाबदल झाली, पण शेतात कुणी हललं नाही. ज्याच्या आजोबाने जिथे विहीर खणली तिथेच नातू मोट सोडून मोटर बसवून पाणी काढत राहिला. सातबाऱ्यावर मात्र ती विहीर असलेला गट दुसऱ्याच्या नावाने. दोघांपैकी कुणीही पन्नास वर्षं सातबारा नीट वाचला नाही. सोसायटीचं पीककर्ज दोघांना मिळत होतं, क्षेत्र जवळपास सारखं होतं, त्यामुळे गरजही पडली नाही.

अशा एका गावातून दोन घरं माझ्याकडे आली. रस्त्याच्या भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा सगळं उघड झालं. रस्ता एका घराच्या उसातून जात होता आणि मोबदला सातबाऱ्याप्रमाणे दुसऱ्या घराच्या नावाने लागत होता. ऊस ज्याचा, त्याचा धाकटा मुलगा ऑफिसात उभा राहून ओरडला. ज्याच्या नावाने पैसे लागले, त्याचा पुण्यात नोकरी करणारा पुतण्या फोनवर म्हणाला, "नाव आमचं आहे, आम्ही का सोडायचं?" कायद्याने त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वाद उभा राहिल्यावर रक्कम कोर्टात जमा झाली आणि तिथे अडकली.

मी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांना घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात गेले. एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा मागवला. त्या जुन्या तक्त्यात कुणाचा कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते ओळीने लिहिलेलं असतं. कारकुनाने ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. दोघे म्हातारे चष्मा सांभाळत वाकले. एक दुसऱ्याला म्हणाला, "आरं, मग तू माझ्या वावरात हाईस का मी तुझ्या?" दुसरा म्हणाला, "दोघंबी." त्या दोघांना हसू आलं. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना आलं नाही. पुढे जे काही जुळलं ते या दोघांमुळे. मुलांच्या पिढीवर सोपवलं असतं तर उच्च न्यायालयापर्यंत गेलो असतो, आणि माझी फी वाढली असती, हेही खरं. रकमेच्या बाबतीत कोर्टात तडजोड झाली. जमीन एकमेकांच्या नावे करायची तर मुद्रांक शुल्क इतकं येत होतं की दोघांनीही हात टेकले. मग जानेवारी २०२३मध्ये सरकारची सलोखा योजना आली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून जास्त चाललं असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी फी देऊन अदलाबदलीचा दस्त करता येतो. आधी तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. या घरांचा दस्त तसाच झाला. सरकारच्या योजनांवर मी फारशी खूश नसते, पण ही योजना लिहिणाऱ्या माणसाने कधीतरी बांधावर उभं राहून पाहिलं असावं असं मला वाटतं.

जमिनीच्या वादाला आपल्याकडे दोन दारं आहेत, आणि चुकीच्या दारात माणसाची अर्धी हयात जाते. महसुलाचं दार आधी उघडतं, कारण ते जवळ आहे आणि कोर्ट फी नगण्य. नोंद झाली की नोटीस, पंधरा दिवसांत हरकत, हरकत आली की नोंद तक्रारी. मंडळ अधिकाऱ्याचा किंवा तहसीलदाराचा आदेश, त्यावर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील, मग अपर जिल्हाधिकारी, मग अपर आयुक्त, मग मंत्रालय. कुठल्याही टप्प्यावर "फेरचौकशीसाठी परत" असा आदेश झाला की सापशिडीतल्या सापासारखं पुन्हा पहिल्या घरात. इतकं करून वरच्या आदेशातलं शेवटचं वाक्य बहुधा असं असतं : मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाने ठरवावा. मग जवळपास वीस वर्षांनी माणूस दुसऱ्या दारात येतो. तिथे प्रतिवादीने "मी कूळ आहे" असं म्हटलं तर कुळकायद्याच्या कलम ८५अप्रमाणे तेवढा मुद्दा ठरवायला दिवाणी कोर्ट कागद पुन्हा तहसीलदाराकडे पाठवतं. हे मी पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगते. काहीजण उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात.

वाटपाच्या दाव्याचं तर विचारूच नका. दावा जिंकला, प्राथमिक हुकूमनामा झाला, पेढे वाटले. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४प्रमाणे तो हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, कारण सारा भरणाऱ्या जमिनीचे तुकडे पाडायचं काम महसूल खात्याचं. तिथून तहसील, तिथून मोजणी, तिथून नकाशा, त्यावर हरकती. पेढे वाटणाऱ्याच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका येतात, तरी शेत वाटलेलं नसतं. म्हणून भावांनी बसून ठरवावं आणि सगळ्यांच्या संमतीने महसूल अधिनियमाच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडून वाटप करून घ्यावं, असं मी हट्टाने सांगते. वाटणीत तुकडा किती लहान चालेल याचीही मर्यादा आहे. २०२३पासून राज्यात जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र धरलंय. त्याखालचा तुकडा पाडला तर नवीन घोळ. वर्ग दोनच्या, म्हणजे शर्तीच्या जमिनीत, मग ती कुळकायद्याची असो, वतनाची असो की सरकारने दिलेली, खरेदी घेणाऱ्याने शर्त न वाचता पैसे मोजलेत असं दर आठवड्याला एकतरी येतं. महार वतनाच्या जमिनींचे कागद हाती आले की मी त्यातल्या प्रत्येक हस्तांतराची तारीख आणि परवानगी तपासते. ही वतनं जावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्येच मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं होतं. वतनं गेली, जमिनी शर्तीवर पुन्हा दिल्या गेल्या, आणि त्यातल्या किती बिनपरवानगीच्या कागदांवर दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या ते प्रत्येक गावच्या फेरफार वहीत दिसतं. त्या फायली मला सुखाने झोपू देत नाहीत, इतकंच इथे म्हणते.

आता बहिणींबद्दल. वडिलांच्या तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांत हक्कसोडपत्राचं काम येतं. भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणी मागच्या सीटवर. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. तरी पुढची पंधरा वर्षं, ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ला, वडील हयात होते का यावर दावे चालले. ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. हे सगळं मी भावांना सांगते तेव्हा ते मान डोलावतात आणि म्हणतात, "ते खरं हो मॅडम, पण आमच्यात तसलं काही नाही." बहिणींकडे बघतात. बहिणी पदर नीट करतात.

एका दस्ताच्या वेळी दुय्यम निबंधकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मजकूर मान्य आहे ना?" तिघींपैकी दोघींनी मान हलवली. मधली म्हणाली, "मला कुणी वाचून दाखवलेला नाही." टोकन पुकारणाऱ्या शिपायाने घड्याळाकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. दस्त त्याने दुसरीकडून टाईप करून आणला होता, मी फक्त ओळख द्यायला आले होते. मी तिथेच उभं राहून दस्त वाचायला लागले. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. ती ऐकत होती. मग "मौजे गावठाणातील घर मिळकत क्रमांक" आलं तशी म्हणाली, "थांबा. घर पण?" भाऊ म्हणाला, "अगं, लिहायची पद्धत असते तशी." ती म्हणाली, "शेताची मला ना नाही. घर काढा. आईच्या माघारी मी माहेरी आले तर कुणाच्या घरात आले म्हणून सांगू?" दस्त त्या दिवशी झाला नाही. चार दिवसांनी घराचा मजकूर वगळून नवीन आला, आणि तिने सही करण्याआधी पुन्हा सगळा वाचायला लावला. धाकटीने मात्र तेव्हा म्हटलं, "मग मी पण शेताचं थोडं ठेवते." रस्त्याकडेचे तिच्या वाट्याचे वीस गुंठे तिने घेतले. भावाने मला दोष दिला. गावात सांगत फिरला की वकीलबाईने घर फोडलं.

या बाबतीत मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. हक्कसोडपत्र करणाऱ्या सगळ्या बायकांवर दबाव असतोच असं नाही. पुष्कळ जणी जाणूनबुजून सोडतात, कारण भाऊ गरीब आहे, किंवा नवऱ्याकडे पुरेसं आहे, किंवा आईची सेवा त्याने केली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा अनेक गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, आणि त्यातल्या काही बायकांनी ती पुढे मुलींनाही दिली. ज्या घरात बाईचं नाव एकदा सातबाऱ्याला आलं, तिथे पुढच्या पिढीत हा विषय निघताना आवाज चढत नाही, असं मी पाहिलंय. विषय काढण्याचं काम तिथे आधीच कुणीतरी केलेलं असतं.

कुळाच्या खटल्यांनी मला कायद्यातल्या तारखांची भीती शिकवली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक झालं. पण जमीनमालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा शरीराने-मनाने अपंग असेल तर तो दिवस पुढे ढकलला जायचा. कुळकायद्याचं कलम ३२एफ. विधवा मालकीण वारली की तिचा वारस येतो, आणि ठरलेल्या मुदतीनंतर एक वर्षाच्या आत कुळाने "मला जमीन विकत घ्यायची आहे" अशी नोटीस द्यायला हवी. नाही दिली तर हक्क गेला. जमीन कसणाऱ्या माणसाला हे कसं कळावं? मालकीण कुठे तरी मुलाकडे शहरात, ती कधी वारली हे गावात महिन्यांनी कळायचं, कधी कळायचंही नाही. कूळ दरवर्षी खंड मनिऑर्डरने पाठवत राहायचं.

माझ्याकडे असंच एक घर आलं. आजोबा कूळ, नातू माझा पक्षकार. मालकीण सत्तरच्या दशकात वारली होती. घरात मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा लोखंडी ट्रंकेत, सुतळीने बांधलेला. पावत्यांवर पुढेपुढे घेणाऱ्याची सही बदलली होती, म्हणजे मालकीण गेल्यावर मुलाने पैसे घेतले होते, पण आई गेल्याचं कळवलं नव्हतं. मुलाने नंतर कुळाने वेळेत नोटीस दिली नाही म्हणून खरेदी निष्फळ झाली असा अर्ज केला. तहसीलदारांनी कुळाविरुद्ध निकाल दिला, प्रांतांनी कायम केला. तेव्हा कायदाही तसाच लावला जात होता. कुळाने वर्षाच्या आत नोटीस द्यायची, त्याला मालकीण वारल्याचं माहीत होतं की नाही हे बघायचं नाही, अशा निकालांची रांग होती.

मग सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. विधवेच्या वारसाने तिच्या मृत्यूची माहिती कुळाला द्यायला हवी, ती दिल्याशिवाय कुळाची मुदत सुरू होत नाही, असं त्या निकालात म्हटलंय. निकाल वाचून मी त्या नातवाला फोन केला. ट्रंक अजून आहे का, एवढंच विचारलं. ट्रंक होती. पावत्या उंदरांनी कडेने कुरतडल्या होत्या, पण सही आणि पोस्टाचा शिक्का शाबूत. मालकिणीच्या नातवाने पुण्यातल्या एका बिल्डरशी साठेखत करून ठेवलं होतं, त्यामुळे प्रकरण आणखी तापलं. महसूल न्यायाधिकरणाने फेरविचारासाठी परत पाठवलं, म्हणजे पुन्हा तहसीलदार.

त्या पावत्या एकेक सांभाळून प्लास्टिकच्या पाकिटात घालून क्रमाने दाखल केल्या. ज्या पावतीवर सही बदलते ती पावती मी पहिल्या पानावर लावली, कारण सगळी केस त्या दोन सह्यांमध्ये आहे. समोरचे वकील म्हणाले, सही वारसाची आहे हे तुम्ही कसं सिद्ध करणार? रास्त प्रश्न. पोस्टात जुनं रेकॉर्ड मिळालं नाही. मग वारसाचा शाळा सोडल्याचा दाखला, त्याने नंतर केलेलं एक नोंदणीकृत गहाणखत, त्यावरची सही, असं जमवत बसलो आहोत. कुळाचा नातू हल्ली स्वतःच सातबारा काढण्याआधी फेरफार मागतो आणि मला म्हणतो, "मॅडम, ह्यात इतर हक्कात आजोबाचं नाव कंसात गेलंय, ते कधी गेलं बघा की." कंस म्हणजे नोंद रद्द. मी त्या फेरफाराची नक्कल मागवली आहे.

गेल्या तारखेला उलटतपासणी अर्धी झाली. त्यानंतर तहसीलदारांची बदली झाली. नवीन तहसीलदार आले, त्यांनी फाईल चाळली, दोन्ही बाजूंना सांगितलं की युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून ऐकतो, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.